तीन फोन, एक पत्ता

संपादकांनी फोनवर सांगितलं, "ताई, तुमच्या कामातल्या गमतीजमती लिहा. दिवाळीत लोकांना हलकंफुलकं लागतं." गमती आहेत माझ्याकडे. पण लिहायला बसलं की आधी राग येतो, आणि राग बाजूला सारून गंमत सांगण्याइतकी मी काही मुरलेली लेखिका नाही. तेव्हा रागच वाढते. मध्ये कुठे गंमत दाताखाली आली तर तुमचं नशीब.

आधी काम काय ते सांगते, कारण माझ्या आईलाही इतक्या वर्षांत ते नीट कळलेलं नाही. एक कंपनी इंटरनेटवर माल विकते. आमची फवारणीचे पंप, गमबूट, रेनकोट, ताडपत्र्या, डोक्याला बांधायच्या बॅटऱ्या असलं शेतात लागणारं सामान विकायची. आता हे सामान घ्या म्हणून कंपनीनं सांगितलं तर कोण ऐकणार? म्हणून ज्यांचं लोक ऐकतात अशी माणसं गाठायची. त्यांना एकेक लिंक द्यायची. प्रत्येक लिंकच्या शेवटी चार-सहा अक्षरं वेगळी असतात. मी त्याला शेपूट म्हणते. गिऱ्हाईक कोणाच्या सांगण्यावरून आलं ते त्या शेपटावरून कळतं. माल विकला गेला तर सांगणाऱ्याला ठरलेला हिस्सा, नाही गेला तर काही नाही. याला अफिलिएट मार्केटिंग म्हणतात, आणि अशी माणसं हुडकून, पटवून, टिकवून ठेवणं हे माझं काम. कंपनी त्यांना 'पार्टनर' म्हणते. भागीदार. हा शब्द लक्षात ठेवा, माझा सगळा राग त्यातच आहे.

मखमलाबादकडे आमचा भाजीचा मळा. मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या बांधून हात हिरवे झालेल्या घरातली मी पहिली पदवीधर. हे मी जिथे जागा मिळेल तिथे सांगते. ऑफिसात बाकीचे पुण्यामुंबईहून मोठमोठ्या पदव्या घेऊन आलेले. मीटिंगमध्ये ते 'हाय परफॉर्मर' म्हणायचे आणि पडद्यावर फॉलोअर्सचे आकडे दाखवायचे. ज्याच्या मागे जास्त लोक तो मोठा पार्टनर, असा त्यांचा हिशेब.

त्या हिशेबानं नाशकातल्या एक बाई मोठ्या समारंभानं आणल्या. फॉलोअर्स लाखांत. त्यांना न्यायला गाडी, आणायला गाडी. गमबुटांची लिंक द्यायची होती, तर म्हणाल्या, "पिवळे असतील तरच घालीन, काळ्यात फोटो उठून दिसत नाही." पिवळे मागवले. बाईंनी द्राक्षबागेत बूट घालून झाडावर हात ठेवून असा काही फोटो काढला की तीन दिवस ऑफिसात दुसरा विषय नव्हता. विकले गेले चार जोड. त्यातले तीन परत आले. एकीनं परतीचं कारण लिहिलं होतं, "साडीवर जात नाहीत." घ्या.

माझी शोधायची पद्धत साधी होती. मी व्हिडिओ बघायचेच नाही आधी, खालच्या प्रतिक्रिया वाचायचे. 'मस्त', 'सुपर', 'एक नंबर' असं भरलेलं असेल तर पुढे चला. पण कोणी विचारलंय, "दादा, याचा वायसर कुठं मिळतो?" आणि दादानं दोन दिवसांनी का होईना उत्तर दिलंय, "दुकानात विचारून आलो, वेगळा मिळत नाही, पूर्ण नोझल घ्यावं लागेल," तर तिथे मी थांबायचे. हा माणूस दुसऱ्यासाठी दुकानापर्यंत जातो. याचं लोक ऐकणार. आणि दुसरी खूण म्हणजे माल परत येतो का. फसवून विकलेला माल परत येतो, समजावून विकलेला राहतो. यात एवढंच शास्त्र आहे, बाकी सगळा पडदा.

नामपूरला एक जण होते, रोज सकाळी कांद्याच्या लिलावाचे भाव व्हॉट्सॲपच्या गटावर टाकायचे. अख्खा तालुका ते वाचून ट्रॅक्टर जोडायचा. मी तीनदा गेले. तीनदा चहा मिळाला. तिसऱ्यांदा ते आपल्या अहिराणी वळणात म्हणाले, "ताई, रागावू नका. लोकांचा विश्वास माझ्या भावावर शे, तुमच्या पंपावर नाही. भावाच्या खाली लिंक टाकली की उद्या लोक म्हणतील, याचा भाव तरी खरा कशावरून?" मी हात जोडले. परत येऊन साहेबांना सांगितलं, की आपल्याला न मिळालेला सगळ्यात चांगला पार्टनर हा. साहेब म्हणाले, "न मिळालेल्याचा रिपोर्ट कशाला करता?" 

मंजुळाताई मात्र मिळाल्या. आज वाटतं, मिळाल्या नसत्या तर त्यांचं भलं झालं असतं.

सुरगाणा तालुक्यातल्या एका पाड्यावर त्या राहतात. बारावीपर्यंत शिकलेल्या, बचत गटाच्या सचिव. त्यांचा व्हिडिओ मला आमच्याच रेनकोटाच्या शोधात सापडला. भाताच्या आवणीत, म्हणजे लावणीत, गुडघाभर चिखलात उभ्या राहून त्या सांगत होत्या, "रेनकोट चांगला हाय. पण वाकलं का मानेकडून पाणी आत येतं. मानेला फडका गुंडाळा, मग घाला. आणि बाही लांब हाय, ती मनगटाला सुतळीनं बांधा, नायतर रोप धरता येत नाय." बस. ना संगीत, ना पिवळं काही. खाली पन्नासेक बायकांचे प्रश्न आणि एकूण एक प्रश्नाला उत्तर. माल विकताना त्यातली खोट आधी सांगणारी बाई मला पहिल्यांदा दिसली. दुसऱ्या दिवशी मी बोरगावच्या पुढे जीपमध्ये होते.

ओट्यावर बसून मी त्यांना सगळं समजावलं. शेपूट, हिस्सा, नियम. त्यांनी वहीत लिहून घेतलं. मग विचारलं, "मॅडम, यात लबाडी कशी होते?"

मला नवल वाटलं. "म्हणजे?"

"म्हणजे ती आपल्या हातून चुकून व्हायला नको."

मी सांगितलं, काही लोक स्वतःच्याच लिंकवरून स्वतःच माल मागवतात आणि हिस्सा खातात. म्हणून स्वतःच्या फोनवरून कधी काही मागवायचं नाही. त्यांनी तेही लिहून घेतलं, खाली रेघ मारली.

आणि हा नियम त्यांनी असा पाळला की त्यातच अडकल्या. पाड्यावर बहुतेकांकडे साधे बटणांचे फोन. ज्यांच्याकडे मोठे फोन त्यांना नेटची रेंज नाही. लोक मंजुळाताईंकडे यायचे, "तूच मागव." त्या म्हणायच्या, "माझ्या फोनवरून नाय चालत, नियम हाय." मग बाजाराच्या दिवशी खाली जीप स्टँडवर सगळे जमायचे. तिथे मंजुळाताईंचा सोडून नेट चालणारे फोन तीन. किराणा दुकानदार अप्पांचा, जीपवाल्या सोमनाथचा आणि अंगणवाडीच्या ताईंचा. मंजुळाताई लिंक पाठवायच्या, त्या तीन फोनांवरून सगळ्यांचं सामान मागवलं जायचं. पैसे सामान आल्यावर ज्यानं त्यानं अप्पांच्या दुकानात द्यायचे. मंजुळाताईंनी स्वतःचा नवा रेनकोटसुद्धा अंगणवाडीच्या ताईंच्या हातापाया पडून मागवला होता, आणि शेपूट नसलेल्या साध्या लिंकवरून, म्हणजे त्यावर हिस्सा लागू नये.

पत्त्याचा घोळ मी केला. पहिल्या वेळी पाड्यांचे पत्ते दिले तर कुरिअरवाला अर्ध्यातून परत गेला. मला फोन आला. मी म्हटलं, "ताई, सगळ्यांचा पत्ता अप्पांच्या दुकानाचा द्या. तिथून सोमनाथ जीपमधून वर नेईल." छान चाललं. सामान येत गेलं, परत काहीच आलं नाही. आमच्या सगळ्या पार्टनरांत परतीचा आकडा शून्य असलेल्या त्या एकट्या. साहेबांच्या पडद्यावर त्यांचं नाव वर सरकायला लागलं आणि मी मीटिंगमध्ये जरा ताठ बसायला लागले.

एका पत्त्यावर फार ऑर्डरी आल्या तर खातं तपासणीला जातं, असा एक नियम होता. मी तो वाचला होता. मला वाटलं, हा शहरातल्या भामट्यांसाठी आहे. एक ओळ लिहून कळवायला हवं होतं, की इथे असं असं आहे. नाही कळवलं. वर्षभर रोज वीस मेल लिहिणाऱ्या बाईनं ती एक मेल लिहिली नाही.

पुढच्या आवणीच्या ऐन तोंडावर कंपनीच्या पुण्यातल्या, लबाडी हुडकणाऱ्या जोखीम विभागातून मंजुळाताईंना मेल गेली. इंग्रजीत. खातं बंद, कारण 'फ्रॉड'. वाटेत असलेल्या सगळ्या ऑर्डरी रद्द. कुरिअरवाला अप्पांच्या दुकानापर्यंत येऊन, खोकी न उतरवता, "तुमच्या मंजुळाबाईचं खातं फ्रॉड निघालं" एवढं मात्र उतरवून गेला. बाजाराचा दिवस होता. संध्याकाळपर्यंत ते प्रत्येक पाड्यावर पोचलं. सामानाला जी जीप लागायची ती बातमीला लागली नाही.

रात्री त्यांचा फोन. "मॅडम, फ्रॉड म्हणजे चोरच ना?"

मी म्हटलं, "नाही हो ताई, म्हणजे तसं..."

"हिश्श्याचं जाऊ द्या. गटाची सभा हाय पुढच्या बाजाराला. सचिव ठेवायची का नाय ते ठरणार हाय. गटाच्या बायका म्हणतात, कंपनी काय उगाच बोलंल? मला फक्त एक कागद पाहिजे. मंजुळानं लबाडी केली नाय, एवढाच. कंपनीचा."

सात दिवस होते माझ्याकडे.

पुण्याला फोन लावला. जोखीम विभागातला तन्मय, चांगला मुलगा, बोलायला गोड. म्हणाला, "मॅम, पॅटर्न बघा ना. तीन डिव्हाइस, एक ॲड्रेस, रिटर्न झीरो. झीरो रिटर्न तर सगळ्यात सस्पिशस असतं."

"अरे, माल परत आला नाही हा गुन्हा?"

"मॅम, खरे कस्टमर परत करतात."

मी त्याला जीप स्टँड सांगितला, रेंज सांगितली, आवणी सांगितली. तो म्हणाला, "मॅम, सिस्टीममध्ये जीप स्टँडचा कॉलम नाहीये."

मग साहेबांच्या केबिनमध्ये गेले. गंगापूर रोडवर आमचं ऑफिस, काचेचं. साहेबांनी ऐकून घेतलं, पेन फिरवत. म्हणाले, "भावनिक होऊ नका. एका पत्त्यावर एवढ्या ऑर्डरी, कोणालाही संशय येणार."

"साहेब, तुम्ही राहता त्या सोसायटीत दोनशे फ्लॅट. सगळ्यांची पार्सलं एका गेटवर, एका वॉचमनकडे. तिथे कोणाला फ्रॉड म्हणतो आपण?"

"तिथे फ्लॅट नंबर असतात."

"मग पाड्यावरच्या घरांना नंबर नाहीत हा मंजुळाताईंचा गुन्हा?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "खातं चालू करायला सांगतो. विषय संपवा."

"आणि पत्र?"

"कसलं पत्र?"

"लबाडी केली नाही असं."

"वेड लागलंय का? आज एकीला लेखी दिलं की उद्या रांग लागेल. कंपनी चूक झाली असं लेखी कधी देत नसते. आणि कोणासाठी? महिन्याला चाळीस रेनकोट विकणाऱ्या बाईसाठी?"

'आमचे पार्टनर हेच आमचं कुटुंब', हे वाक्य त्यांच्या पाठीमागच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावलेलं होतं. मी त्याच्याकडे बोट केलं. त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी मंजुळाताईंना मेल गेली, पुन्हा इंग्रजीत, पुन्हा मशीनची. "तुमचं खातं सुरू आहे." एवढंच. 'चूक झाली' असं नाही, माफी नाही, नावसुद्धा धड नाही. 'प्रिय पार्टनर'. जसं काही नळाचं पाणी गेलं होतं आणि आलं.

सभेच्या दिवशी मी रजा टाकून गेले. अंगणवाडीत सतरंजीवर वीसेक बायका गोल बसलेल्या. गटाच्या अध्यक्ष जनाबाई, सत्तरीच्या, तंबाखू मळत. मंजुळाताई एका बाजूला, कोणाकडे न बघता. मी उभी राहून बोलले. म्हटलं, पत्ता एक द्या हे मी सांगितलं. नियम मला माहीत होता. कंपनीला कळवायचं काम माझं होतं, ते मी केलं नाही. मंजुळाताईंनी एका पैशाची लबाडी केलेली नाही.

जनाबाईंनी तंबाखू गालात धरली. "म्हणजे चूक तुमची."

"हो. माझी आणि कंपनीची."

"मंजुळीचं नाव सगळ्या पाड्यांवर झालं. तुमचं काय झालं, बाई?"

"काही नाही."

"पगार?"

"चालू आहे."

"हां," जनाबाई म्हणाल्या. एवढंच. मोठ्या साहेबांच्या आरडाओरड्यानंही मी कधी मान खाली घातली नव्हती, त्या 'हां'नं घातली.

मग एक तरुण बाई म्हणाली, "कंपनीचा कागद कुठंय?"

"कंपनी देत नाही."

"मग तुमच्या बोलण्याला कोण धरून बसणार? तुम्ही जाल जीपनं निघून."

बरोबर होतं तिचं. त्या गटात एक रीत आहे. सभेत जे बोललं जातं ते वहीत चढल्याशिवाय बोललं गेलं असं कोणी मानत नाही, आणि बोलणाऱ्यानं खाली सही करायची. घरच्या भांडणातसुद्धा बायका म्हणतात, "वहीत हाय का?" जनाबाईंनी ती वही माझ्यापुढे सरकवली. "कंपनी इथं कुठं दिसत नाय. तुम्ही दिसता. लिहा."

मी लिहिलं. माझं नाव, कंपनीचं नाव, माझा हुद्दा. तीन फोन कोणाचे, एक पत्ता का, तो कोणी द्यायला सांगितला. कंपनीनं मंजुळाताईंवर ठेवलेला ठपका खोटा आहे आणि त्याबद्दल कंपनीच्या वतीनं मी माफी मागते. सही केली. मोठ्यानं वाचून दाखवलं. मग वही गोल फिरली. सगळ्यांनी सह्या केल्या, दोघींनी अंगठे उठवले. शेवटी सचिव म्हणून मंजुळाताईंनी सही केली, कारण सचिव त्याच राहिल्या. त्यावर मत घ्यायचीसुद्धा कोणाला गरज वाटली नाही.

जीपपर्यंत त्या सोडायला आल्या. मी म्हटलं, "ताई, खातं सुरू झालंय."

"राहू द्या मॅडम बंदच. पंप चांगला का रेनकोट चांगला, ते मी सांगीनच बायकांना. पहिल्यापासून सांगत होते. तुमचं शेपूट नव्हतं तेव्हा कोणी चोर म्हटलं नव्हतं."

मी इतकी माणसं या कामाला लावली, प्रत्येकाला म्हटलं, "कंपनी तुमच्या पाठीशी आहे." ते म्हणताना माझ्या हातात काय होतं? एक लिंक.

त्या पानाचा कोणीतरी फोटो काढला होता. गटागटांतून फिरत तो आठवड्यात गंगापूर रोडला पोचला. साहेबांनी बोलावलं. समोर पुण्याचे वकील मोबाईलच्या पडद्यावर बसलेले.

"कंपनीच्या वतीनं माफी मागायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?" साहेबांनी विचारलं.

मी म्हटलं, "कंपनीच्या वतीनं शब्द द्यायचा कोणी दिला होता? शब्द देताना विचारलं नाहीत कधी. त्याच अधिकारात माफी मागितली."

वकील म्हणाले, ते लेखी मागे घ्यावं लागेल. साहेब म्हणाले, ते पान आणून द्या, विषय इथेच मिटवू.

"साहेब, वही गटाची आहे, माझी नाही. पान पाहिजे असेल तर सभेत जाऊन मागावं लागतं. कशाला पाहिजे ते बायकांसमोर सांगावं लागतं. मग सांगितलेलं वहीत लिहून खाली सही करावी लागते. तशी रीत आहे तिथली."

त्यानंतर मी राजीनामा दिला की त्यांनी घेतला, यावर आमच्यात अजून एकमत नाही. आता मी दुसरीकडे हेच काम करते. पार्टनर घेताना 'कंपनी पाठीशी आहे' हे वाक्य तेवढं तोंडातून काढत नाही. कामात थोडं मागे पडते त्यामुळे. पडू दे.

परवा मंजुळाताईंना फोन केला होता. म्हटलं, "आलं का कोणी पान मागायला?"

"नाय अजून," त्या म्हणाल्या. "जनाबाई दर सभेला विचारते. आम्ही त्यांच्यासाठी एक जागा सोडूनच बसतो."